तां लिवू नकात

जुलैतल्या एका भर पावसाच्या दुपारी शेजारच्या आक्काच्या घरी एक बाई फाईल घेऊन आल्या, तासभर बसल्या आणि चहा घेऊन गेल्या. कप माझ्याकडचे होते. आक्काकडे कप नाहीत असं नाही, पण कोर्टाकडून माणूस यायचा म्हणजे बशीसकट आणि एका नक्षीचे हवेत, हे तिने आदल्या रात्रीच ठरवून टाकलं होतं. मी ते पोचवायला गेले आणि तिथेच अडकले. बाई नाक्यावरून रिक्षाने आलेल्या, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल तेवढी कोरडी. आक्काची पहिली समजूत अशी, की या बालसंगोपनाच्या बाई. त्या योजनेत एकट्या बाईच्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वाडीतल्या दोघींना मिळतातही, त्यामुळे तिने बँकेचं पासबुक आधीच काढून ठेवलं होतं. मग लेकीने हळूच सांगितलं की आई, ह्या त्या नव्हेत. ह्या घर बघायला आल्यात.

घर बघायला! आमच्याकडे घर बघायला येतात ते सोयरिकीच्या वेळी. इथे सोयरीक मोडल्यानंतरची भेट. आक्काची लेक नालासोपाऱ्याहून मुलाला घेऊन माहेरी आली त्याला आता बराच काळ झाला. नवरा-बायकोत काय बिनसलं ते साऱ्या वाडीला माहीत आहे, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं माहीत आहे, त्यामुळे त्यात मी माझी भर घालत नाही. मुलगा दुसरीत. बापाने मुलाच्या ताब्यासाठी वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अर्ज केला, आणि न्यायालयाला मूल राहतं ते घर कसं आहे हे कोणाच्या तरी डोळ्यांनी बघायचं होतं. ते डोळे आमच्या जिल्ह्यातल्या बाल संरक्षणाच्या कामातल्या या बाईंचे.

आता पावसाळ्यात कोकणातलं कुठलं घर अहवालात चांगलं दिसणार, सांगा. भिंतींना खालून ओल चढलेली, पडवीला पावसाच्या झडीसाठी माडाच्या झावळ्यांची चुडतं बांधलेली, त्यामुळे दिवसाढवळ्या आत काळोख. ओटीवर आडव्या दोरीला न वाळणारे कपडे, त्यात मुलाचे शाळेचे मोजे, आणि चुलीच्या वरच्या बाजूला टांगलेल्या सुक्या बांगड्यांचा वास. कौलातून एका ठिकाणी गळतं, तिथे कळशी. आम्हाला यातलं काही दिसत नाही. बाई आल्या आणि मला एकदम सगळं दिसायला लागलं. त्या बोटाने भिंत चाचपत नव्हत्या की नाक मुरडत नव्हत्या, तरीही. मार्चमध्ये आल्या असत्या तर सारवलेलं खळं, माडाखालची सावली आणि रापणीचं जाळं ओढायला धावणारी पोरं बघून त्यांनी वेगळं घर लिहून नेलं असतं. तारखेने त्यांना जुलै दिला.

ओटीच्या कोपऱ्यात मात्र एक निळं टेबल होतं, प्लॅस्टिकचं. कुडाळच्या बाजारातून आदल्या दिवशी आलेलं, पायांना गुंडाळलेला कागद अजून तसाच. वकिलाने सांगितलं होतं, अभ्यासाची जागा विचारतील. मुलगा अभ्यास करतो आजीच्या पाटाशी, ती भाजी चिरत असते तिथे पालथा पडून. पण पालथं पडणं लिहिता येत नाही. बाईंनी टेबल बघितलं, पायांवरचा कागदही बघितला, ओठ किंचित हलले, आणि त्यांनी रकान्यात लिहिलं. "अभ्यासासाठी टेबल आहे," असं स्वतःशीच म्हणत लिहिलं म्हणून मला कळलं. ह्या बाई बऱ्या आहेत, असं माझं तिथेच मत झालं.

मग मुलाला जवळ बसवलं. तो घरात, शाळेत, समुद्रावर, सगळीकडे मालवणीच बोलतो. बाईंनी विचारलं, "तुला कुणाकडे राहायला आवडतं रे?" त्याने उभं राहून, हात बाजूला घेऊन सांगितलं, "मला माझ्या आईकडेच राहायचे आहे." शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तसं. बाई घाटावरच्या, पण एवढं ओळखायला मालवणी यावी लागत नाही. त्यांनी मान हलवली, काही लिहिलं नाही, आणि दुसऱ्या वाटेने आल्या. रात्री तहान लागली तर कोणाला उठवतोस? "कोणाक नाय. तांब्यो माझ्या उशाकडेच आसता." आईची माया कुठल्या रकान्यात बसवायची ते बाई जाणोत, माझ्या लेखी ती त्या तांब्यात आली. पुढचा प्रश्न, बाबांकडे असतोस तेव्हा काय करता? मुलगा क्षणभर आजीकडे बघून मोकळा झाला. "बाबा माका खांद्यार घेतत. फलाटावर. मगे लांबसून येणाऱ्या गाडयेचो दिवो पयलो माकाच दिसता."

बाई लिहायला लागल्या. आणि आक्का, जी तासभर एकही शब्द जास्त बोलली नव्हती, ती पुढे झुकून म्हणाली, "तां लिवू नकात हां बाई. पोर लहान आसा, कायव बोलता."

कप विसळून घरी आणले, जागेवर लावले, तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आक्का वाईट बाई नाही. नातवाच्या उशाशी तांब्या भरून ठेवणारी बहुतेक तीच असेल. पण मुलाने त्या तासात बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तिला खोडायचं होतं, आणि तेही त्याच्या देखत.

मला कायद्याचं ज्ञान जुजबी. बँकेतल्या नोकरीत वारस आणि अज्ञान मुलांचे पालक यांच्यापुरतं. पण त्या आठवड्यात मी वाचत बसले. आपल्याकडे मुलाच्या ताब्याचे अर्ज अजूनही ज्या कायद्याच्या आधारे चालतात, तो पालक आणि पाल्य अधिनियम १८९० सालचा आहे. त्यातही न्यायालयाने कलेक्टरकडून अहवाल मागवायची तरतूद आहे, आणि तो अहवाल पुरावा म्हणून धरता येतो. मला गंमत वाटली. रत्नागिरीचा गोरा कलेक्टर, किंवा जास्त खरं म्हणजे त्याचा कारकून, कोणाच्या तरी ओटीवर बसून पोराची विचारपूस करतो आहे, आणि घरातली म्हातारी त्याला सांगते आहे की रावसाहेब, हे लिहू नका. १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे असावं असं म्हटलंय. आक्काच्या नातवाने पाच ओलांडली आणि बापाचा अर्ज आला, तो योगायोग नव्हे. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ चा. आधी समेटाचा प्रयत्न करा, वकील लावणं हा हक्क म्हणून मागता येणार नाही, समाजकल्याणाच्या संस्थांना आणि समुपदेशकांना सोबत घ्या, असं सगळं त्यात आहे. कुटुंबाच्या भल्यासाठी काम करणाऱ्या जाणकार व्यक्तीची मदत घ्यावी, शक्यतो बाईची, असंही एक कलम सांगतं. कायदा करणाऱ्यांना बहुधा वाटलं असावं की बाईपुढे घर खरं बोलतं. त्यांनी आक्का पाहिली नव्हती.

वाडीत या भेटीची चर्चा झाली ती दोन दिवस, आणि सूर एकच: कोण कुठली बाई, तासाभरात तिला काय कळणार? त्यापेक्षा गावाने बसून मिटवलं असतं तर. हे मी पूर्वीही ऐकलं आहे आणि दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो. कारण गावाने बसून मिटवलेलं मी बघितलं आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई अशीच माहेरी आलेली, बाप परळला गिरणीत. देवळाच्या सभामंडपात बारा-पाचाचे मानकरी बसले, दोन्हीकडचे पुरुष बसले. बाया बाहेर, पायरीखाली. बापाचा पगार किती, पोरीचं लग्न कोण करणार, आईचे भाऊ किती वर्षं पोसणार, एवढी चौकशी झाली आणि दिवेलागणीपर्यंत ठरलं, पोर बापाची. ती दीपमाळेपाशी पाटी घेऊन उभी होती. आम्ही पोरं भिंतीवर. तिला कोणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं कोणाला काही वाटलं नाही, आम्हालासुद्धा. पुढच्या रविवारी ती एसटीने मुंबईला गेली. मला ती पुष्कळ वर्षांनी दादरला एका लग्नात भेटली. त्या संध्याकाळी देवळात कोणीतरी तिच्या हातावर खाजं ठेवलं होतं, ते कोणी, एवढंच ती मला विचारत होती. मला ठाऊक नव्हतं. त्या बैठकीचा एक कागद कुठे नाही. कोण काय बोललं, कशाच्या जोरावर ठरलं, चुकलं असेल तर दाद कुठे मागायची, काही नाही. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. आमच्या देवळापर्यंत ते पोचलं नव्हतं, त्यानंतरही बराच काळ.

तेव्हा तासाभराची परकी बाई मला चालते. तिला घर अर्धंच दिसणार, जुलैत तर पाव. पण ती कोणाची आत्या नाही आणि तिला उद्या कोणाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं नाही.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. या बाईंच्या फाईलबरोबर आणखी किती फायली असतात ते त्यांनी चहा पिताना सहज सांगितलं. बालविवाह थांबवायचे, कोविडमध्ये आईबाप गेलेल्या मुलांचे कागद, बालगृहातून घरी सोडलेल्यांची विचारपूस, आणि मधूनच न्यायालयाकडून आलेलं असं एखादं पत्र. नोकरी कंत्राटी. पत्रात मुदत असते, त्यामुळे पाऊस बघून यायची सोय नाही. आणि भांडणाऱ्या आईबापांनी या यंत्रणेला आपापल्या बाजूने वापरायला सुरुवात केली आहे, हेही खरं. याच प्रकरणात मधे कोणीतरी १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करून कळवलं की मूल शाळेत जात नाही, समुद्रावर एकटं सोडतात. तो नंबर १९९६ साली मुंबईत सुरू झाला तो रस्त्यावरच्या, पळून आलेल्या, मार खाणाऱ्या पोरांसाठी. फोन आला की चौकशी करणं भागच. मायलेकरं जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, बालकल्याण समितीपुढे गेली. अध्यक्ष आणि चार सदस्य, अधिकार मॅजिस्ट्रेटचे. त्यांनी शाळेचं हजेरीपत्रक बघितलं, मुलाशी बोलले आणि सांगितलं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं हे मूल नव्हे, ताब्याचा वाद आहे, तो न्यायालयात चालवा. बरोबरच केलं. आईबाप एकमेकांशी बोलत नाहीत एवढ्यावरून मूल समितीच्या कक्षेत येत नाही. छळ असेल, टाकून दिलं असेल, धोका असेल तर येतं. पण समितीच्या बाकावर त्याच्या शेजारी एक मुलगी बसली होती, तिच्या हाताला चटके होते. हे मुलाच्या आईने मला सांगितलं, मुलाने नाही. तो त्या दिवसाबद्दल विचारलं तर पंख्याबद्दल बोलतो. तिथला पंखा फार मोठा होता म्हणे. त्या मुलीचा अर्धा तास या घरच्या भांडणाने खाल्ला, असं मला वाटत राहतं. फोन कोणी केला हे कोणी कबूल करत नाही. करणारही नाही.

बापाच्या भेटीची तारीख असली की आदल्या दिवशी मायलेकरं कुडाळहून तुतारी एक्सप्रेस पकडतात. रात्रभर प्रवास, सकाळी दादर, तिथून लोकल, मग वांद्रे. न्यायालयातच मुलांसाठी वेगळी जागा आहे, खेळणी वगैरे, तिथे बाप भेटतो. पहिल्यांदा गेला तेव्हा आक्काने डब्यात खापरोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, ह्या तुझ्या आणि आईच्या. मुलाने अर्ध्या बापाला दिल्या, आणि घरी येऊन सांगितलं की सगळ्या मीच खाल्ल्या. खरं काय ते आईला ठाऊक होतं. ती दाराच्या काचेतून बघत होती. आईने आक्काला सांगितलं नाही, मला सांगितलं. सात वर्षांच्या पोराला कुठे काय बोलायचं ते असं कळायला लागतं. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं मन एका पालकाविरुद्ध फिरवण्याबद्दल लिहिलं आहे. मोठमोठे शब्द आहेत तिथे. इथे कोणी काही फिरवलं असं म्हणता येणार नाही. फक्त कोणत्या घरात कशाचा विषय काढायचा नाही, एवढं मुलाला शिकवलं गेलं, आणि तेही कोणी मुद्दाम शिकवलं नाही.

अहवालाची प्रत पुढे वकिलामार्फत आली. मुलाच्या आईने ती माझ्याकडे आणली, कारण घरात वाचली असती तर आक्काने मागून डोकावलं असतं. टाईप केलेली दोन-अडीच पानं. घर कौलारू, स्वतःच्या मालकीचं, वीज व पाण्याची सोय आहे. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. अभ्यासासाठी टेबल आहे. स्वतंत्र खोली नाही. मूल आजी व आईसोबत सुरक्षित असून त्याची दैनंदिन काळजी घेतली जाते. तांब्या यात कुठेतरी विरघळला होता. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, "मुलास वडिलांविषयी ओढ असल्याचे दिसून आले." फलाट नाही, खांदा नाही, लांबून येणारा दिवा नाही. पण वाक्य होतं. आक्काने सांगूनही बाईंनी ते ठेवलं होतं. मी मान वर करून मुलाच्या आईकडे बघितलं. मला वाटलं ती रागावलेली असेल. ती म्हणाली, "खरां आसा तां." मग लगेच, "पण त्येचो वकील आता ह्याच धरतलो." धरलंच. पुढच्या तारखेला बापाच्या बाजूने तीच एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली गेली, जणू बाकीचा अहवाल कोणी लिहिलाच नव्हता. तिच्या वकिलाने स्वतंत्र खोलीच्या ओळीवर उत्तर दिलं. त्या दिवशी आमच्या कुडाळच्या ओळखीच्या वकिलांनी आणखी एक फाटा काढून दिला. मूल नेहमी राहतं त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात पालकत्वाचा अर्ज चालतो, तेव्हा प्रकरण इकडेच आणा; आणि आमच्या जिल्ह्याचं अपीलसुद्धा ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं, मुंबईची दगदग नको. तिने ते ऐकून घेतलं. पुढच्या भेटीला पुन्हा तुतारीच पकडली. का, ते मी विचारलं नाही. घाट चढून कोल्हापूरला गेलं की वाटेत कुठे फलाट लागत नाही, हे तिच्याही मनात आलं असावं असा माझा आपला अंदाज.

वाट निघाली ती वकिलांकडून नव्हे, न्यायालयातल्या समुपदेशक बाईंकडून. ताब्याचा निकाल लागायचा आहे; तोवर सुट्ट्यांचं काय, असा प्रश्न होता. नेहमीची पद्धत म्हणजे दिवाळी अर्धी, मे महिना अर्धा. ते दोघांनीही मान्य केलं. अडलं गणपतीशी. बापाचं मूळ घर खाडीपलीकडे, त्यांच्याकडे गणपती. इकडे आजोळी गणपती. दोन्हीकडे त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर. बापाने म्हटलं, कुळाचा गणपती, मुलगा माझ्याकडे हवा. आईने म्हटलं, तो जन्मल्यापासून इथली माटवी, गणपतीवरची रानफळाफुलांची चौकट, तोच बांधतो. म्हणजे मामाला कांगल्या आणि हरणं हातात आणून देतो, पण ते असो. अहवालातल्या त्या ओळीवर बोट ठेवून समुपदेशक बाईंनी दोघांना विचारलं म्हणे, "तुमच्याकडे किती दिवसांचा, आणि तुमच्याकडे किती?" खाडीपलीकडे दीड दिवसाचा. इकडे पाच. एवढा साधा प्रश्न इतक्या महिन्यांत कोणी विचारला नव्हता, दोन्ही घरांनीसुद्धा नाही, आणि दोन्ही घरं गेली कित्येक वर्षं एकमेकांच्या आरतीला जात होती. पहिला दीड दिवस बापाकडे, विसर्जन झाल्यावर बाप स्वतः आणून सोडील, उरलेले दिवस इकडे. अंतरिम आदेशात तसं लिहून आलं.

आक्काला हे अजिबात पटलेलं नाही. चवथीचा पहिला दिवस, नैवेद्याचं पान, पंचखाद्य, आणि नातू दुसऱ्याच्या घरी. "पुढच्या वर्साक पयलो दिस आमका व्हयो, सांग तुझ्या त्या वकिलाक," असं ती लेकीला रोज ऐकवते. लेक म्हणते, त्यांच्याकडे दीड दिवसाचाच आहे गो आई, दुसरा दिवस घेऊन ते काय करतील? यावर आक्काकडे उत्तर नसतं, म्हणून ती मोदकांच्या नारळांवर घसरते. आदेशात मुलाला आणून सोडायची वेळ संध्याकाळी सातची आहे. त्यांच्या वाडीतले गणपती मात्र एकत्रच निघतात, आणि भजन संपल्याशिवाय तिथे कोणी पाटाला हात लावत नाही. सातला खाडीवर गर्दीच जमत असते. मुलाच्या आईने मला विचारलं, उशीर झाला तर तक्रार करावी लागते का, नाही केली तर पुढे आपल्यावर उलटतं का? मी म्हटलं वकिलाला विचार. आक्का ओटीवर गवार मोडत होती. तिने वर न बघता सांगितलं की काही विचारू नका, खाडीवरच्या रिक्षावाल्याला मी आठची वेळ दिली आहे.